एल-वन आणि ओहोटी

'टेंडर' हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या चेहऱ्यावर आपोआप एक हसू येतं. "अच्छा... टेंडर का? म्हणजे कळलं!" या प्रकारातलं. कोणीतरी कोणाला तरी 'मॅनेज' केलं असणार, कुठेतरी पाकीट सरकलं असणार, आणि आता जे काही विकत घेतलं जाणार आहे ते वर्षभरात बंद पडणार. खोटं कशाला बोला, हे हसू दरवेळी चुकीचं असतं असंही नाही. पण गेली काही वर्षं माझं पोटच या शब्दावर चालतं, त्यामुळे मला आता तसं हसता येत नाही. ओळखीची माणसं हसतात आणि मी कॉफी ढवळत बसतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलंय. प्रत्यक्षात कोड लिहिणं केव्हाच सुटलं. कंपनीने मला 'प्री-सेल्स'मध्ये टाकलं आणि तेव्हापासून मी सरकारी निविदा वाचतो. तीनशे-चारशे पानांच्या. आमच्या टीमचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वेगवेगळ्या राज्यांतली पोलीस खाती. कंट्रोल रूम, वायरलेस, कॅमेरे, गाड्यांचं ट्रॅकिंग, असल्या गोष्टी. घरी आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू पोलिसांशी घासाघीस करतोस? जपून रे बाबा!"

घासाघीस हा शब्द तिने अगदी बरोबर वापरला, फक्त ती आपण भाजीबाजारात करतो तशी नसते. भाजीवाल्याकडे आपण भाव पाडतो आणि तो वरून कोथिंबीर टाकतो. सरकारी खरेदीत हे चालत नाही. दोन लिफाफे असतात, एक तांत्रिक, एक आर्थिक (आता सगळं ऑनलाइन, पण नाव लिफाफाच). आधी तांत्रिक उघडतो. त्यात पास झालात तरच आर्थिक उघडतो, आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो 'एल-वन', म्हणजे निम्नतम निविदाकार. काम त्याला. किंमत उघडल्यानंतर परत वाटाघाटी करायच्या नाहीत, अगदीच अपवाद म्हणून करायच्या तर फक्त एल-वनशी, असं केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ च्या परिपत्रकात सांगून ठेवलंय. राज्य सरकारची वेगळी खरेदी नियमपुस्तिका आहे, ती १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आली.

मग घासाघीस होते कुठे? तर आधी. निविदापूर्व बैठकीत. तिथे सगळ्या कंपन्यांचे लोक टाय लावून बसलेले असतात, समोर खात्याचे अधिकारी, एक सल्लागार आणि चहा. प्रत्येक जण लेखी प्रश्न विचारतो. 'कलम अमुकमध्ये दंडाची मर्यादा किती?' 'हप्ता डिलिव्हरीवर मिळेल की चाचणीनंतर?' ही खरी वाटाघाटी. आणि नव्वद टक्के प्रश्नांना येणारं उत्तर एकच: 'निविदेतील अटी कायम'. या तीन शब्दांचा टी-शर्ट छापायचा आमच्या टीमचा जुना विचार आहे.

असो. हे सगळं पुराण सांगायचं कारण म्हणजे आमचा रायगडचा किनारा.

माझं गाव अलिबागच्या बाजूला. तुम्ही मंडळी वीकेंडला तिकडे जाता ते मांडव्याला उतरून, रो-रोमध्ये गाडी टाकून, नागाव-काशीदला वॉटरस्पोर्ट्स करायला. तुमच्यापैकी किती जणांनी मांडव्याला 'सागरी पोलीस ठाणे' अशी पाटी वाचलीये? रायगड पोलिसांची अशी तीन सागरी ठाणी आहेत: मांडवा, पेणकडे दादर आणि खाली श्रीवर्धनच्या बाजूला दिघी. रेवसची धरमतर खाडी, रेवदंड्याची कुंडलिका, जंजिऱ्याची राजपुरी, हरिहरेश्वरपाशी सावित्रीचं मुख... इतक्या खाड्या, त्यात खडक, वाळूचे दांडे, आणि भरती-ओहोटीप्रमाणे दिवसातून दोनदा बदलणारा भूगोल. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचे सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल, आणि २६/११ नंतर २००९ पासून एकूण जबाबदारी नौदलाची, अशी वाटणी आहे.

एवढं सगळं इथे का लागलं, हे आमच्या पिढीला कोणी सांगावं लागत नाही. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला जे उतरलं, ते १२ मार्चला मुंबईत फुटलं. २५७ माणसं गेली.

या प्रकरणातली एक गोष्ट मला माझ्या नोकरीमुळे जास्तच टोचते. दिघीला माल उतरल्यावर ट्रक निघाले आणि म्हसळ्याच्या बाजूला गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते अडवले. म्हणजे यंत्रणा हजर होती बरं का! रात्री, रस्त्यावर, नेमक्या जागी. मग तिथे बोलणी झाली. काही लाखांवर सौदा ठरला. पण माल नेणाऱ्यांकडे तेवढी रोख नव्हती, म्हणून पैसे देईपर्यंत तारण म्हणून चांदीच्या पाच विटा ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. हे सगळं पुढे खटल्यात आलं आणि पोलीस आणि कस्टम्स, दोन्हीकडची काही माणसं दोषी ठरली.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा रात्री ऑफिसात एका निविदेची बँक गॅरंटी तपासत बसलो होतो. आणि लक्षात आलं की अरे, हाही करारच आहे! बोलणी, ठरलेली रक्कम, सुरक्षा अनामत, आणि मग सेवा पुरवणं. सगळी कलमं जागच्या जागी. फक्त ज्यांच्यासाठी रस्ता अडवायचा होता, ती माणसं त्या करारात कुठेच नव्हती. तेव्हापासून मला सरकारी निविदेतल्या त्या कंटाळवाण्या अटींबद्दल, दोन लिफाफे, समितीच्या सह्या, लेखापरीक्षण, या सगळ्याबद्दल थोडा आदर वाटतो. ही सगळी कटकट त्या फाट्यावरच्यासारख्या बोलण्यांना जागा राहू नये म्हणून आहे.

पण कटकटीची पण किंमत असते. आणि तीही किनाराच मोजतो.

१९९३ नंतर त्याच वर्षी 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि राज्य यंत्रणांची एकत्र गस्त. खोल पाण्यात जहाजं होती, पण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात? तिथे भाड्याने घेतलेले मच्छीमार ट्रॉलर. आता कल्पना करा, ट्रॉलर मासे पकडायला बनवलेला, वेग बैलगाडीचा, आणि त्याने स्पीडबोटीतल्या स्मगलरला गाठायचं! मग २००५ मध्ये केंद्राची किनारी सुरक्षा योजना मंजूर झाली. ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेश मिळून ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ वेगवान बोटी, १२ टनी आणि ५ टनी. बोटी बांधायच्या दोन सरकारी गोद्यांनी: गोवा शिपयार्ड आणि कोलकात्याची गार्डन रीच.

योजना मंजूर २००५ ला. सगळ्या २०४ बोटी राज्यांच्या ताब्यात यायला २०११ उजाडलं. आणि मधे, २६ नोव्हेंबर २००८ ला, 'कुबेर' नावाचा पळवलेला ट्रॉलर मुंबईच्या समोर आला आणि त्यातून दहा जण रबरी बोटीने कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले.

'इतका उशीर का?' असं विचारणं सोपं आहे. मी आतल्या बाजूने बघतो म्हणून सांगतो, एकही माणूस आळशी नसतानाही हे होऊ शकतं. आधी गरज ठरवायची. मग तपशील, म्हणजे स्पेसिफिकेशन. तेही तेरा जणांना चालेल असं. मग किंमत, मग मंजुरी, मग वित्त विभागाची शंका, मग शंकेचं उत्तर, मग करार, मग पहिली बोट, मग चाचणी. प्रत्येक टेबलावर जी फाईल थांबते तिच्यावर सही करणाऱ्याला माहीत असतं की आपण लवकर सही केली म्हणून कोणी शाबासकी देणार नाही, पण चुकीच्या कागदावर केली तर निवृत्तीनंतरही चौकशी लागेल. मग तो थांबणारच! तुम्ही-मी तरी काय वेगळं केलं असतं? मुंबईच्या कॅमेऱ्यांचंच बघा. २६/११ नंतर शहरभर सीसीटीव्ही हवेत असं ठरलं, टेंडर निघालं, फिस्कटलं, परत निघालं, परत फिस्कटलं... शेवटी करार झाला २०१५ मध्ये, लार्सन अँड टुब्रोशी, सुमारे ९४९ कोटींचा, आणि यंत्रणा पूर्ण झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. जवळजवळ आठ वर्षं.

बरं, घेतली बोट. पुढे?

इथे माझा एक शाळेतला मित्र येतो. कोकणातल्याच एका सागरी ठाण्यात आहे तो, कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही. शाळेत असताना तो विहिरीत उडी मारायला सगळ्यात पुढे असायचा, त्यामुळे भरती झाल्यावर त्याला समुद्रावर पाठवला याचं कोणालाच नवल वाटलं नाही. (विहीर आणि समुद्र यातला फरक त्याला पहिल्याच आठवड्यात उलट्या करताना कळला.) तो एकदा म्हणाला, "तुला माहितीये का, आमची बोट मस्त आहे. एकदम मस्त. फक्त ती ओहोटीला धक्क्याला लागत नाही, आणि लागली तर तिला डिझेल मिळेलच असं नाही, आणि मिळालं तर इंजिनाचा फिल्टर गेलेला असतो. बाकी एकदम मस्त."

आम्ही दोघं खूप हसलो. मग तो एकदम गप्प झाला आणि म्हणाला, "रात्री बाहेर असताना दोनपैकी एक इंजिन बंद पडलं ना, की फार शांत वाटतं. नको इतकं शांत."

ते वाक्य डोक्यात बसलं माझ्या.

तो जे सांगत होता ते त्याच्या एकट्याच्या ठाण्याचं नव्हतं. देशभरच्या लेखापरीक्षण अहवालांत हे सापडतं: बोटी आहेत, पण जेट्टी नाही. जेट्टी आहे, पण इंधन नाही. सगळं आहे, पण देखभालीचा करार संपलाय आणि नवा झालेला नाही. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०११ पासून, १३१ आणखी ठाणी आणि ६० जेट्ट्या मंजूर झाल्या. हा टप्पा मार्च २०२० मध्ये संपला. केंद्राची योजना संपली की देखभालीचा भार राज्यावर येतो. आणि बोट विकत घेणं हे एक वेळचं, नारळ फोडायचं काम. देखभाल हे दरवर्षीचं, लेखाशीर्षात उभं राहून पैसे मागायचं काम. त्याचा फोटो कोण काढणार?

हिशोब साधा आहे. समजा, एका बोटीची किंमत २ कोटी आणि देखभाल वर्षाला २० लाख. दुसरीची २ कोटी ३० लाख, पण देखभाल १० लाख. दहा वर्षांत पहिली पडते ४ कोटींना, दुसरी ३ कोटी ३० लाखांना. आपण बाईक घेताना सुद्धा ॲव्हरेज विचारतो, नाही का? पण निविदेत जर फक्त खरेदीची किंमत तुलनेला धरली असेल, तर एल-वन पहिली बोट. आणि मग ती ४ कोटींची सुद्धा राहत नाही, कारण देखभालीचे २० लाख मंजूरच होत नाहीत आणि बोट धक्क्याला शेवाळ धरत बसते. म्हणजे २ कोटींचं शेवाळ!

हे नियम करणाऱ्यांना कळत नाही असं मुळीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काही खरेदीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. निविदेत पाच वर्षांची देखभाल धरून एकूण किंमत तुलना करता येते, कित्येक खाती करतातही. पण ते त्या निविदेच्या मसुद्यात लिहावं लागतं. आणि मसुदा लिहिणाऱ्याला बोट कशी बंद पडते हे माहीत असावं लागतं.

आता माझी गोष्ट. एका किनारी राज्यातल्या पोलिसांसाठी (महाराष्ट्र नव्हे) बोटींवरच्या ट्रॅकिंग आणि कंट्रोल रूमची निविदा आली. उपकरणं, सॉफ्टवेअर आणि पाच वर्षांचा सपोर्ट. सपोर्टचा आकडा काढायचं काम माझ्याकडे. मी मित्राला तासभर फोनवर पिळून काढला आणि एक्सेल केलं: खाऱ्या हवेत कनेक्टर किती महिन्यांत सडतो, किनाऱ्यावर तीन ठिकाणी सुटे भाग ठेवायचे तर किती, पावसाळ्यात माणूस पोचायला किती वेळ. आकडा आला मोठा. आमच्या सेल्सच्या साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, "हे असं दिलं तर आपण एल-थ्री. सुटे भाग राजधानीत ठेव. रिस्पॉन्स टाइम 'पुढचा कामाचा दिवस' टाक. निविदेत काही म्हटलेलं नाही ना?"

निविदेत खरंच काही म्हटलेलं नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

मी म्हणालो, "सर, शनिवारी रात्री बोटीचा सेट गेला तर पुढचा कामाचा दिवस सोमवार. मधला रविवार ते लोक समुद्रावर आंधळे."

"तो त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी लिहायला पाहिजे होतं."

आणि धंद्याच्या दृष्टीने त्यांचं चूक नव्हतं हो. आमच्यामागे बाकीच्या तीन कंपन्या हेच करणार होत्या. मी एकच केलं. निविदापूर्व बैठकीत आमचा प्रश्न म्हणून लेखी टाकलं, की सपोर्टचा रिस्पॉन्स तासांत मोजावा, सुटे भाग किनाऱ्यावर ठेवणं सगळ्यांनाच सक्तीचं करावं, आणि बंद राहिलेल्या तासांना दंड लावावा. म्हणजे सगळ्यांचाच आकडा सारखा वाढेल आणि कोणी एकटा मरणार नाही. साहेब म्हणाले, "स्वतःवर दंड लावून घ्या असं सांगणारा पहिलाच व्हेंडर बघतोय मी!" पण पाठवू दिला त्यांनी प्रश्न.

उत्तर आलं. ओळखा पाहू? 'निविदेतील अटी कायम.'

मग आमच्याकडे दोन दिवस खरी घासाघीस झाली, घरातल्या घरात. शेवटी आम्ही मधला रस्ता काढला: तीनऐवजी दोन ठिकाणी सुटे भाग, आणि रविवारीही माणूस. त्याखाली मी सही करणार नाही असं सांगितलं. आम्ही एल-टू आलो. फरक फार मोठा नव्हता. त्या वर्षी माझ्या अप्रेझलमध्ये 'कमर्शियल जाण वाढवणे आवश्यक' अशी ओळ आली. मला त्या ओळीचं काही वाटलं नाही. अजूनही तोच आकडा काढीन.

हे सगळं आपल्याकडेच आहे असं समजू नका. इंग्लंड-वेल्समध्ये ४३ प्रादेशिक पोलीस दलं आहेत, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक दल आपापली गाडी, आपापला युनिफॉर्म, आपापलं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यायचं. शेवटी २०२० मध्ये त्यांनी 'ब्लूलाइट कमर्शियल' नावाची ना-नफा कंपनी काढली, सगळ्यांसाठी मिळून घासाघीस करायला. एकत्र घेतलं की भाव पडतो, हे तर आपल्या सोसायटीतल्या आंब्याच्या पेट्यांनाही लागू आहे. पण आपल्या बोटी तर आधीपासूनच एकत्र घेतल्या होत्या! तिथे उलटा प्रश्न आला: कच्छच्या चिखलाला, रायगडच्या खडकाला आणि ओरिसाच्या वाळूला एकच बोट. भाव केंद्राने ठरवावा, पण 'आमच्या धक्क्याला ओहोटीत किती पाणी असतं' हे सांगायला तिथला कोणीतरी टेबलाशी हवा. एवढंच.

आणि एक मजा सांगतो. आपल्याकडे आरमाराच्या खरेदीची नियमपुस्तिका तीनशे वर्षांपूर्वीच लिहिलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५-१६ च्या सुमाराचं. त्यात जहाजांच्या लाकडाबद्दल सांगितलंय की रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. एखादं झाड अगदीच जुनं झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यायचं. म्हणजे छोट्या पुरवठादाराचं संरक्षण! आणि दुसरं मला तर फारच आवडतं: आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या वसुलातून पक्की करून द्यायची, बंदरात जे काही मिळेल त्याच्यावर सोडायचं नाही. कारण मग आरमारवाले खर्च भागवायला व्यापाऱ्यांना छळतील आणि बंदर बुडेल. दरवर्षीच्या खर्चाला ठरलेला, हक्काचा पैसा हवा, हे अमात्यांना कळलं होतं. मी हे एकदा प्रेझेंटेशनमध्ये टाकणार होतो, साहेबांनी स्लाइड काढायला लावली. :-)

दरम्यान समुद्र काही थांबलेला नाही. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला 'लेडी हान' नावाची बोट लागली, आत तीन एके-४७. सगळ्या टीव्हीवर दिवसभर तेच. नंतर कळलं की जूनमध्येच इंजिन बंद पडून ओमानच्या बाजूला तिच्यावरची माणसं वाचवली होती आणि रिकामी बोट प्रवाहाबरोबर वाहत आली. घातपात नव्हता. सुटकेचा निःश्वास वगैरे. पण म्हणजे एक बिनमाणसाची, बंद इंजिनाची बोट वाहत वाहत थेट आमच्या किनाऱ्याला येऊन लागू शकते. तिला आधी गाठायला समोरून कोणाचं तरी इंजिन चालू असायला लागतं.

आणि ते इंजिन चालू ठेवतो कोण? तर आमच्या खाडीवरचे मेस्त्रीकाका. वडिलांचे मित्र. वय पासष्टच्या पुढे, आगरी माणूस, इंजिनाचा आवाज ऐकून पिस्टनचा आजार सांगणारे. एका सरकारी खात्याच्या बोटींचं देखभालीचं कंत्राट मुंबईतल्या एका कंपनीकडे आहे, त्या कंपनीने ते दुसऱ्याला दिलं, आणि दुसऱ्याने फोन केला काकांना. म्हणजे कागदावर चार मजली इमारत आणि तळमजल्यावर पान्हा घेऊन काका. त्यांचं अकरा महिन्यांचं बिल अडकलेलं होतं. खात्याने कंपनीला दिलं नाही म्हणून कंपनीने दुसऱ्याला दिलं नाही म्हणून दुसऱ्याने काकांना नाही.

"बोट दर्यान बंद नाय परत रे बाला," ते मला म्हणाले, "कागदाव परते."

दोन शनिवार मी त्यांच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो. उद्यम नोंदणी केली. फुकट होते, अर्ध्या तासात. त्यांना सांगितलं की २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. काका हसले. "आन केस घातली तं पुढचा काम कोन देल?" हा प्रश्न कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नसतो आणि प्रत्येक छोट्या माणसाच्या डोक्यात पहिला असतो.

पण २०२३ मध्ये आयकर कायद्यात एक दुरुस्ती आली, ती काकांच्या जास्त कामाची निघाली. अशा छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या हिशोबात दाखवता येत नाही, देईल त्या वर्षीच दाखवता येतो. म्हणजे कर वाढतो. भांडण नको, केस नको, समोरच्याचा सीएच त्याच्या मागे लागतो! जुन्या बिलाला याचा फारसा उपयोग नव्हता, पण पुढच्या कामाला होता.

काकांनी माझ्यासमोरच फोन लावला. मी इतक्या वर्षांत इतक्या निविदापूर्व बैठका बसलोय, पण अशी वाटाघाटी बघितली नव्हती. आधी तब्येतीची चौकशी. मग पावसाची. मग म्हणाले, "साहेब, बोट आयलीय माज्याकरं, इंजान खोलून ठेवलाय. आता माजा पन उद्यमचा नंबर आयला, पोरान काढून दिला. तं बिल तुमच्या सीएला डायरेक धारू का तुमाला?" पलीकडे थोडी शांतता. मग बरंच काही बोलणं झालं. काकांनी मागितलं निम्मं आगाऊ, मिळालं चाळीस टक्के, बाकीचे तीस दिवसांत. जुन्या बिलातले निम्मे या महिन्यात. आणि फिल्टर कंपनीचाच, लोकल नाही, हे त्यांनी स्वतःहून घातलं.

"फिल्टरचं कशाला मधे आणलंत?" मी विचारलं. "तुमचे पैसे सुटत होते ना?"

"पैशे माजे," काका म्हणाले. "बोटीव पोरा दुसऱ्यांची."